पाढे पाठ आहेत, तरी गुणाकार का अडतो?

प्राथमिक शाळेतील गुणाकाराविषयी सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील पालकांची बरीच पत्रे आली आहेत. त्यांपैकी चार पत्रे संक्षेपाने देऊन त्यांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा गावातील शाळेत तिसरीत आहे. दिवेलागणीला तो दोनपासून दहापर्यंतचे पाढे घडाघडा म्हणतो. परंतु मध्येच ‘सात आठे किती?’ असे विचारले, तर ‘सात एके सात’पासून सुरुवात करूनच तो छप्पन्नपर्यंत पोहोचतो. शाब्दिक उदाहरणात बेरीज करायची की गुणाकार, हेही त्याला उमगत नाही. पाठांतर कमी पडते आहे का?
– एक पालक, तासगाव

उत्तर : पाठांतर त्याने पुरेसे केले आहे आणि ते वाया जाणार नाही. त्याला पाढ्याची चाल पाठ झाली आहे. मात्र तिच्यातली प्रत्येक ओळ आधीच्या ओळीच्या आधाराने आठवते, त्यामुळे मधली एखादी ओळ सुटी मागितली की त्याला पहिल्यापासून यावे लागते. ही अवस्था बहुतेक मुलांच्या वाट्याला येते, आणि तिच्यावरचा उपाय म्हणून तोच पाढा आणखी पन्नास वेळा म्हणून घेतला, तर चाल पक्की होते आणि अडचण जिथल्या तिथे राहते.

येथे एक गोष्ट आधी सांगितली पाहिजे, म्हणजे घरातला ताण थोडा उतरेल. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने २०१७ मध्ये निश्चित केलेल्या अध्ययन निष्पत्तींमध्ये तिसरीच्या मुलाकडून २, ३, ४, ५ आणि १० या पाढ्यांचीच अपेक्षा धरली आहे, आणि तीसुद्धा ते पाढे स्वतः तयार करून रोजच्या व्यवहारात वापरण्याची. तेव्हा सात आठे चटकन न सांगणारा तिसरीतला मुलगा मागे पडलेला नाही.

‘तयार करून’ हे त्यातले महत्त्वाचे आहे. तुमच्या भागात द्राक्षांचा दर चार किलोच्या पेटीवर बोलला जातो. सात पेट्या भरल्या तर किती किलो माल गेला, हे मुलाला आधी चार अधिक चार अधिक चार असे सात वेळा मिळवून काढू द्यावे, आणि मग ‘चार सत्ते अठ्ठावीस’ ही त्याच बेरजेची आखूड वाट आहे, हे त्याच्याच वहीत त्याला दाखवावे. त्यानंतर लगेच दुसरे उदाहरण घालावे : एका पेटीत ४ किलो आणि दुसऱ्या पेटीत ७ किलो द्राक्षे आहेत, तर एकूण किती? दोन्ही उदाहरणांत ४ आणि ७ याच संख्या आहेत, दोन्हींत ‘एकूण’ विचारले आहे, तरी उत्तरे २८ आणि ११ अशी निराळी येतात. सारख्या मापाचे गट पुन्हा पुन्हा आले आहेत की नाही, एवढे एकच पाहायचे असते. ‘एकूण’ दिसले की बेरीज आणि ‘प्रत्येकी’ दिसले की गुणाकार, असे शब्द पाहून क्रिया ठरवण्याची खूण मुलांना फार ठिकाणी शिकवली जाते. माझ्या मते ती खूण मदतीपेक्षा घातच अधिक करते. त्याऐवजी रोज एक उदाहरण मुलालाच रचायला सांगावे.

आता सुट्या ओळींकडे येऊ. अंड्यांचा तीस खणांचा ट्रे घरी असेल तर तो समोर ठेवावा. एका बाजूने पाहिले तर पाच-पाचच्या सहा ओळी दिसतात, आणि ट्रे आडवा फिरवला की सहा-सहाच्या पाच ओळी होतात. अंडी तेवढीच राहतात. पाच सक तीस आणि सहा पंचे तीस या दोन गोष्टी वेगळ्या पाठ करण्याचे कारण नाही, हे मुलाला एकदा डोळ्यांनी दिसले की त्याचे ओझे जवळपास निम्मे होते. दहापर्यंतच्या पाढ्यांतल्या १०० ओळींपैकी अशा जुळ्या ओळी एकदाच मोजल्या तर ५५ उरतात, एके आणि दाहे वगळल्यास ३६, आणि सहसा सोपे जाणारे दोनचे व पाचचे पाढे बाजूला काढले तर २१.

नऊच्या पाढ्यासाठी बोटे वापरावीत. दोन्ही हात समोर धरून नऊ चोकसाठी डावीकडून चौथे बोट मिटले, की मिटलेल्या बोटाच्या डावीकडे ३ आणि उजवीकडे ६ बोटे राहतात, म्हणजे ३६. ही गंमत दाखवून थांबू नये. नऊ चोक म्हणजे चार दाहे चाळिसातून ४ कमी, म्हणून दशक एकाने घटतो, हेही सांगावे. नऊच्या ओळी अशा सुटल्यावर खऱ्या अर्थाने पाठ करण्याजोग्या १५च ओळी उरतात, आणि त्यांतही मुले अडतात ती मुख्यतः सहा, सात आणि आठ यांच्या आपसांतल्या गुणाकारांवर.

तिथे मुलाला जवळच्या ओळीवरून जायला शिकवावे. सात आठे आठवत नसेल, पण सात सत्ते एकोणपन्नास येत असेल, तर त्यात ७ मिळवावेत. किंवा सात चोक अठ्ठावीसची दुप्पट करावी. पहिले काही आठवडे याला वेळ लागेल आणि तो लागू द्यावा. पुढे ही ओळ मुलाच्या तोंडी आपोआप बसते, आणि परीक्षेत विसरली तरी ती परत मिळवण्याचा मार्ग त्याच्याजवळ राहतो. संध्याकाळी पाढे म्हणणे चालूच ठेवावे. फक्त शेवटची पाच मिनिटे ओळी मोडून, क्रम चुकवून विचारावे, आणि घड्याळ लावून विचारू नये.

प्रश्न : मुलगी चौथीत आहे आणि तिला पाढे उलटसुलट विचारले तरी येतात. तरीही ३०५ गुणिले ४ याचे उत्तर तिने १२६० लिहिले. सात नव्वे त्रेसष्ट असे म्हणत म्हणत ती ३६ लिहिते. हा निष्काळजीपणा समजावा का?
– एक पालक, कराड

उत्तर : निष्काळजीपणा म्हणू नये, कारण दोन्ही चुकांची कारणे वेगवेगळी आणि स्पष्ट आहेत.

पहिल्या उदाहरणात चार पंचे वीस झाले, एककाखाली शून्य मांडले आणि २ हातचे घेतले, इथपर्यंत ती बरोबर आहे. पुढे चार गुणिले शून्य याचे उत्तर तिने ४ धरले आणि त्यात हातचे २ मिळवून दशकाच्या घरात ६ लिहिले. याचे मूळ पाढ्यातच आहे : आपला पाढा ‘एके’ला सुरू होतो आणि ‘दाहे’ला संपतो, त्यामुळे शून्याची ओळ मूल कधी म्हणतच नाही, आणि शून्य मिळवल्याने संख्या बदलत नाही हा बेरजेचा नियम ते इथे लावते. चार रिकाम्या वाट्या मांडून प्रत्येकीत शून्य शेंगदाणे, मिळून किती, असे एकदा विचारावे आणि काही दिवस प्रत्येक पाढा ‘चार शून्ये शून्य’पासून म्हणून घ्यावा. त्याचबरोबर ३०५ चे ३०० आणि ५ असे भाग पाडून १२०० आणि २० ही उत्तरे आधी काढायला लावावीत, म्हणजे १२६० पाहताच तिचे तिलाच खटकेल.

दुसरी चूक गुणाकाराची नव्हेच, ती संख्यालेखनाची आहे. त्रेसष्ट म्हणताना तीन आधी ऐकू येतो आणि लिहिताना सहा आधी लिहावा लागतो. याच अडचणीवर उपाय म्हणून २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘साठ तीन’ अशा धर्तीचे वाचन आले आणि त्यावरून मोठा वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी त्या वेळी त्याची बाजू मांडली होती. वाद बाजूला ठेवला, तरी घरी मुलीला ‘सात नव्वे त्रेसष्ट, साठ आणि तीन’ असे म्हणून मग अंक लिहायला सांगण्यात कोणाचेच नुकसान नाही.

प्रश्न : आमच्या वेळी पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे सगळे तोंडपाठ असे. नातवाला ते शिकवावे काय?
– एक आजोबा, सांगली

उत्तर : ते अपूर्णांकांचे पाढे ज्या व्यवहारासाठी होते, तो व्यवहार आता उरलेला नाही. सोळा आण्यांचा रुपया आणि चाळीस शेरांचा मण असताना दीड आण्याच्या सात वस्तूंचा हिशेब तोंडी करावा लागे. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, पाठोपाठ मेट्रिक वजने-मापे आली आणि औटकीचे म्हणजे साडेतीनच्या पाढ्याचे काम संपले. तिसरी-चौथीच्या मुलावर हे सगळे लादू नये, असेच मी म्हणेन.

तरी निमकी, पावकी आणि दिडकी या तीन गोष्टी आजोबांनी नातवाला पुढे, अपूर्णांक शिकताना, जरूर द्याव्यात. बेदाण्याचा बॉक्स १५ किलोचा असतो. ‘आठ दीडे बारा’ येणाऱ्या मुलाला आठ बॉक्सचे १२० किलो सांगायला कागद लागत नाही, आणि पंधराचा पाढा त्याला फुकटात मिळतो. पंचवीस टक्के म्हणजे पावकीच.

प्रश्न : मुलगा सेमी इंग्रजीच्या वर्गात आहे. शाळेत इंग्रजीतून पाढे घेतात, घरी आजी मराठीतून. शिवाय शिष्यवृत्तीसाठी तीसपर्यंत पाढे पाठ हवेत असे सांगतात.
– एक पालक, सातारा

उत्तर : ज्या भाषेत तो मनातल्या मनात बेरीज करतो, त्या एकाच भाषेत पाढे पाठ होऊ द्यावेत, दुसऱ्या भाषेत संख्यांची नावे आली की पुरे.

उभ्या मांडणीच्या गुणाकारात एका वेळी एकच अंक गुणला जातो, म्हणून नऊपर्यंतचे पाढे पक्के असले की कितीही मोठा गुणाकार करता येतो. वीसपर्यंतचे पाढे भागाकारात वेळ वाचवतात, ते यावेत. त्यापुढचे मात्र, वीस सत्ते एकशे चाळीस आणि तीन सत्ते एकवीस मिळवून ज्या मुलाला एकशे एकसष्ट सांगता येतात, त्याच्याकडून तेविसाचा पाढा निराळा पाठ करून घेण्याचा आग्रह मी धरणार नाही.