ट्रेलर ओढून जोडधंदा करायचाय? आधी दारावरचं स्टिकर बघ

पिकअप दारात उभी आहेच, तर इथे अमेरिकेत वीकेंडला ट्रेलर ओढून चार डॉलर जोडायला हरकत नाही. फक्त जाहिरातीतला 'इतके हजार पाउंड ओढते' हा आकडा विसर. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतं, त्यावरचा पेलोड, म्हणजे गाडी स्वतःवर किती वजन पेलू शकते तो आकडा, खरा. ट्रेलरच्या वजनाचा 10 ते 15 टक्के भार हिचवर, म्हणजे गाडीमागच्या ट्रेलर जोडायच्या जागेवर येतो. म्हणजे 7,000 पाउंडांच्या ट्रेलरचे 700 ते 1,050 पाउंड पेलोडमधून तिथेच गेले. उरलेल्यात तू आणि तुझी अवजारं.

नवखे हमखास इथे चुकतात:

- घरच्या गाडीचा विमा भाड्याच्या कामाला सहसा चालत नाही. एजंटकडून लेखी घे.
- राज्याबाहेरचं भाडं आणि गाडी-ट्रेलरची एकत्रित वजन-क्षमता 10,001 पाउंड किंवा जास्त असेल, तर यूएसडॉट नंबर (अमेरिकेच्या परिवहन खात्याचा नोंदणी क्रमांक) लागतो.
- माल मागच्या बाजूला लादतात. मीही लादला होता. उतारावर ट्रेलर असा डुलायला लागला की घामच फुटला! अशा वेळी कचकन ब्रेक मारू नकोस, ॲक्सिलरेटरवरून पाय काढ.

निघाल्यावर थोड्या अंतराने थांबून ट्रेलरच्या हबजवळ (चाकाच्या मधल्या भागाजवळ) हाताची मागची बाजू ने. एकच चाक जास्त तापलं असेल, तर बेअरिंग किंवा ब्रेक बघ.

परमिट, मोठे ट्रेलर नंतर बोलू. आधी रिकाम्या पार्किंगमध्ये रिव्हर्स घ्यायला शीक.