आधी पायाखालचा फत्तर

प्रिय मुली,

तुझं पत्र पोचलं. बारावीनंतर काय करू, दुर्बीण कोणती घेऊ आणि बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ यांतला कुठला ग्रह ‘धरू’, असे तीन प्रश्न एका दमात विचारलेस. पहिल्याबद्दल घरी येऊन बोलेन. दुर्बीण मात्र यंदा घेऊ नकोस. दहा पट मोठं दाखवणारं भिंग घे आणि उरलेल्या पैशांत एसटीनं घाट फिर.

हसू नकोस. शुक्राची कोर दुर्बिणीत पहिल्यांदा दिसते तेव्हा अंगावर काटा येतो, कबूल. पण वर्षभर डोळे लावून बसलीस तरी ढगांपलीकडे काही दिसायचं नाही. हे चारही ग्रह दगडाचे आहेत, आणि दगड वाचायची सवय हातात दगड घेऊनच लागते. त्या बाबतीत तू नशीबवान आहेस. तुमच्या पायरीचा काळा फत्तर, रस्त्यावरची खडी, शेताच्या बांधावरचा मुरूम, सगळं एकाच घराण्यातलं: बेसॉल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे वाहिलेला लाव्हा. तसाच लाव्हा चंद्रावरच्या काळ्या डागांत थिजलेला आहे. २००४ साली मंगळावर उतरलेल्या स्पिरिट गाडीला गुसेव्ह विवरात बेसॉल्टच भेटला. १९८२ मध्ये व्हेनेरा १३ हे सोव्हिएत यान शुक्रावर उतरलं, तिथल्या साडेचारशे अंशांच्या भट्टीत १२७ मिनिटं तगलं आणि तेवढ्यात जमीन कोरून जे मोजलं, तेही बेसॉल्टच्या जवळचंच निघालं.

घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो तिथे थांब. काळ्या थरांच्या मधे कुठेतरी वीतभर ते हातभर जाडीचा विटकरी लाल पट्टा दिसेल. एक लाव्हा थंड झाला, ऊनपावसात झिजला, वर माती धरली आणि मग पुढचा लाव्हा येऊन त्या मातीवर पसरला. तो लाल रंग लोखंडाच्या गंजाचा. मंगळाची धूळ लाल आहे तीही गंजानेच. एवढं कळलं की पुढचा प्रश्न आपोआप पडतो: गंज धरायला मंगळावर पाणी किती होतं, किती काळ होतं? यावर अजून भांडणं चालू आहेत. त्यात तुला जागा आहे.

मंगळाचा दगड आपल्याकडे येऊन गेलाय, ठाऊक आहे? २५ ऑगस्ट १८६५ ला बिहारमधल्या शेरघाटीत एक उल्का पडली. तिच्यात काचेसारखं एक द्रव्य सापडलं, मास्केलिनाइट. जबरदस्त धक्का बसला की बेसॉल्टमधले फेल्डस्पार नावाच्या खनिजाचे स्फटिक न वितळताच काचेसारखे होतात, ते हे. पुढे त्याच जातीच्या, अंटार्क्टिकात मिळालेल्या एका उल्केत अडकलेला वायू तपासला आणि तो व्हायकिंग यानांनी १९७६ मध्ये मोजलेल्या मंगळाच्या हवेशी जुळला. आता गंमत बघ. हेच मास्केलिनाइट आपल्या लोणारच्या दगडांतही आहे, कारण लोणारचं सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं विवर आकाशातून आदळलेल्या दगडाच्या आघातानं झालं आणि तेही बेसॉल्टमध्ये. असं विवर पृथ्वीवर दुर्मीळ, म्हणून मंगळवाले लोणारला येतात. तूही जा. फक्त तिथला खडा खिशात घालू नकोस, ते अभयारण्य आहे.

मी स्वतः कॉलेजात असताना माळावर सापडलेला एक जड काळा गोळा तीन वर्षं उल्का म्हणून कपाटात मिरवला. शेवटी एका बाईंनी भिंगातून पाहिलं आणि म्हणाल्या, ‘‘एवढे बुडबुडे? अरे, हा भट्टीतला टाकाऊ माल आहे.’’ अस्सल उल्केत बुडबुडे जवळजवळ नसतातच. भिंग घे म्हणतो ते उगाच नाही.

राहिला ‘कुठला धरू’. एकटा कुठलाच धरू नकोस. चौघांची कणीक एकच, पण गोळे लहानमोठे आणि चूल, म्हणजे सूर्य, कुणाला जवळ, कुणाला लांब. मंगळाचं वस्तुमान पृथ्वीच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याएवढं. तो लवकर निवला, चुंबकीय कवच गेलं आणि बरीचशी हवाही गेली. बुध तर आंब्याऐवजी कोयच. २४४० किलोमीटर त्रिज्येत सुमारे २००० किलोमीटर नुसता लोखंडी गाभा. तो थंडावत गेला तसा अख्खा ग्रह आक्रसला, आणि पृष्ठभागावर शेकडो किलोमीटर लांबीच्या वळ्या पडल्या.

हिशोब बिघडतो तो शुक्रापाशी. आकार जवळजवळ पृथ्वीएवढा, तरी हवेचा दाब नव्वदपट, पाणी नाहीसं, आणि विवरं जेमतेम हजार. जमीन जितकी जुनी तितकी विवरं जास्त, म्हणजे इथली जुनी जमीन कशानं तरी पुसली गेलीय. एकदम की हळूहळू, यावर एकमत नाही. मला विचारशील तर चौघांत हाच सगळ्यात मोठा पेच, आणि सगळे मंगळामागे धावतात याचं मला जरा वाईटच वाटतं. शुक्राचे नारिंगी नकाशे बघताना एवढं लक्षात ठेव, ते ज्याच्या मोजणीवरून काढले त्या मॅगेलन यानाचं रडार रंग टिपत नाही. तो नंतर भरलेला आहे.

शुक्रावरच्या विवरांना बायकांची नावं देतात. त्यांत एक ‘जोशी’ आहे, आपल्या आनंदीबाईंचं. आणि एक ‘मेधावी’, म्हणजे पंडिता रमाबाई. मार्च १८८६ मध्ये आनंदीबाईंना डॉक्टरकीची पदवी मिळाली तेव्हा रमाबाई फिलाडेल्फियात हजर होत्या. नकाशा उघडलास की दोन्ही शोध.

दिवाळीच्या सुट्टीत येशील तेव्हा तीन दगड आण: एक घट्ट काळा, एक भोकाभोकांचा, आणि त्या लाल पट्ट्यातलं चिमूटभर. प्रत्येक कुठे, कितव्या थरातून उचलला ते कागदावर लिहून त्याच पुडीत घाल. नाहीतर माझ्याकडे नाव-गाव नसलेल्या दगडांनी एक ट्रंक भरलीय, त्यात आणखी तीन जायचे.

तुझे
सर