विहिरीतले तुमचे चार आणे आधी मोजा

प्रश्न : वय 62, नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त. गिरणारेच्या पुढे वडिलोपार्जित 30 गुंठे जमीन आहे. तिथे दोन खोल्या बांधल्या आहेत, महिन्यातून दहा दिवस राहण्याचा विचार आहे. विजेचा खांब पाऊण किलोमीटर लांब. नवी विहीर साडेचार लाख, 3 किलोवॅट सोलर आणि चार बॅटऱ्या 3 लाख 10 हजार, मोटर-पाइप-टाकी 90 हजार, असा साडेआठ लाखांचा अंदाज आहे. फिटिंग मी आणि आयटीआय झालेला भाचा करू. 78 हजारांची सबसिडी धरली आहे. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक योजनेतले 15 लाख दीड वर्षापूर्वी ठेवलेत, त्यातून काढू का? बाकी 4 लाखांची एफडी आहे. सौभाग्यवतींच्या गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचं आहे. सातबाऱ्यावर चुलत्यांच्या विहिरीत चार आणे हिस्सा आहे, पण बोलचाल नसल्याने तो विषय सोडून दिला.

नमस्कार काका,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. शेवटच्या ओळीत तुम्ही जे सोडून दिलंय, तिथूनच मी सुरुवात करतो.

आधी पोस्टाचं. या योजनेतून थोडे पैसे काढता येत नाहीत, अख्खं खातं बंद करावं लागतं. एक वर्षानंतर आणि दोन वर्षांच्या आत बंद केलं तर ठेवीच्या दीड टक्का कपात, म्हणजे 15 लाखांवर 22,500 रुपये. शिवाय 8.2 टक्क्यांनी दर तिमाहीला येणारे 30,750 रुपये थांबतील. हे खातं मोडू नका. यावर माझं दुसरं मत नाही.

78 हजारांची सबसिडी पंतप्रधान सूर्यघर योजनेची आहे. ती महावितरणच्या लाइनला जोडलेल्या घरगुती छतावरच्या सोलरलाच मिळते. बॅटरीवरच्या स्वतंत्र सोलरला ती नाही, म्हणून तो आकडा कागदावरून खोडा.

आता मुख्य गोष्ट. तुमचं सोलर 3 किलोवॅटपर्यंत फुगलं ते मोटरीमुळे. मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, ती इन्व्हर्टरवर चालवायची म्हणजे इन्व्हर्टर मोठा, बॅटऱ्याही जास्त. मोटर बॅटरीवरून काढा आणि पाणी दिवसा उन्हावर टाकीत चढवा. दोन हजार लिटर पाणी साठ-पासष्ट फूट उचलायला अर्धा युनिटही लागत नाही. भरलेली टाकी रात्रभर पाणी देते आणि तिला पाच वर्षांनी बदलावं लागत नाही.

बॅटरीचा हिशेब मी तुमच्या चार बॅटऱ्यांवर केला. प्रत्येक बॅटरी 150 एएचची (एएच म्हणजे साठवणुकीचं माप), चारींची किंमत 60 हजार धरली. लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्मीच वापरावी, म्हणजे हाती साडेतीन युनिट. पाच वर्षं टिकली आणि महिन्यातले दहाच दिवस वापरली, तर साठवलेलं प्रत्येक युनिट 28 रुपयांच्या आसपास पडतं. पडून राहिलेली बॅटरीही म्हातारी होते, ते वेगळंच.

घराला लागतं किती? सहा एलईडी, तीन बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे, टीव्ही आणि छोटा फ्रिज मिळून दिवसाला अडीच युनिटच्या आत. गीझर नको, गॅस आहे. आपल्याकडे एक किलोवॅटचं पॅनल सरासरी रोज चारेक युनिट देतं. पावसाळ्यात बरंच कमी, तेव्हा फ्रिज बंद ठेवा. एक किलोवॅट आणि दोन बॅटऱ्या, सव्वा लाखाच्या आसपास. हे तुम्ही आणि भाचा जरूर करा, पण डीसीची, म्हणजे पॅनल आणि बॅटरीकडची बाजू जाणकाराकडून तपासून घ्या. पॅनल सिरीजमध्ये, म्हणजे एकाला एक जोडून लावले की डीसीचं व्होल्टेज वाढत जातं आणि डीसीची ठिणगी एसीसारखी आपोआप विझत नाही. डीसीचीच एमसीबी (बिघाड झाला की आपोआप पडणारं बटण), वेगळं अर्थिंग आणि वळवाच्या विजांपासून वाचवणारा अरेस्टर, यात पैसे वाचवू नका.

नव्या विहिरीत साडेचार लाख घालू नयेत असं मला ठामपणे वाटतं. त्र्यंबक, पेठच्या बाजूला पाऊस धो-धो पडतो, पण मुरूम संपला की खाली काळा पाषाण, पाणी धरत नाही. उन्हाळ्यात याच तालुक्यांत बायका हंडे घेऊन लांब जातात. पाणाड्याच्या तळहातावर नारळ उभा राहिला म्हणून निवृत्तीचे पैसे पणाला लावू नका. नवी विहीर खणायचीच झाली तर भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या भूवैज्ञानिकाला जागा दाखवा.

चुलत्यांकडे एकदा जाऊन या. वैशाखात जा. दोरीला दगड बांधून विहिरीत सोडा, वर ओढली की ओली दोरी हाताने मोजा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मोजा. रात्रीतून पाणी किती चढलं ते कळेल. पाणी असेल तर गाळ काढायचा निम्मा खर्च तुम्ही उचला, साठेक हजार धरा. बोलणं सुरू व्हायला तेवढं पुरेल. त्यांची ना-हरकत मिळाली आणि विहिरीवर विजेचं कनेक्शन नसेल, तर तुमच्या सातबाऱ्यावर 'मागेल त्याला सौर कृषिपंप' योजनेत अर्ज करता येतो. अडीच एकरांपर्यंत 3 एचपी, शेतकऱ्याचा वाटा दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातींना पाच. पाच वर्षं दुरुस्ती आणि विमाही त्यातच. सकाळच्या उन्हात टाकी भरून उरलेलं पाणी कांद्याला द्या. ना-हरकतीबरोबर पाण्याच्या पाळीचं लेखी करून घ्या, पुढच्या पिढीला भांडण नको.

गाळ, पंपाचा वाटा, टाकी-पाइपचे चाळीस हजार आणि घराचं सोलर, सगळं अडीच लाखांच्या आत बसतं. एफडीतून निघेल, पण मग दीड लाखच उरतील आणि काकूंचं ऑपरेशन समोर आहे. म्हणून यंदा फक्त पाण्याचं करा. घराचं सोलर ऑपरेशन झाल्यावर, विम्याने किती दिलं ते बघून. तोवर कंदील आणि एक छोटा सोलर दिवा चालेल.