गाडी अटॅच करताय, तर कोऱ्या फॉर्म २९-३० वर सही कशाला?

कराडकडच्या एका वाचकाने विचारलंय. स्वतःची बारा टायर गाडी, बँकेचे हप्ते चालू, आरसी आणि नॅशनल परमिट दोन्ही त्यांच्याच नावावर. चाकणच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीकडे गाडी अटॅच करायची, म्हणजे गाडी आपली आणि माल-भाडं कंपनीचं, अशी बोलणी झालीयेत. मॅनेजर म्हणतो आरसी-परमिट कंपनीच्या नावावर करा, नाहीतर ई-वे बिल (माल नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद) निघत नाही, प्लेटपण आमच्या पासिंगची लागेल, आणि हे सगळं "फक्त कागदावर". यांनी फॉर्म २९ आणि ३० वर सह्याही करून दिल्यात, तारीख न टाकता.

दादा, आधी त्या सह्यांचं बघू, बाकीचं नंतर. फॉर्म २९ म्हणजे गाडी विकल्याची तुम्ही आरटीओला दिलेली खबर आणि ३० म्हणजे मालकी बदलायचा अर्ज, "फक्त कागदावर" म्हणतात पण गाडीची मालकी कागदावरच असते की. आत्ता तुम्हाला वाचवतंय ते बँकेचं कर्ज, कारण आरसीवर बोजा आहे तोपर्यंत बँकेच्या लेखी संमतीशिवाय ट्रान्सफरची नोंद होत नाही (मोटार वाहन कायदा, कलम ५१). शेवटचा हप्ता भरून बोजा उतरवला की ते कवच गेलं, आणि तारखेची जागा रिकामीच आहे. माझ्याकडे एक जण असाच आला होता, हप्ते सगळे त्याने भरले, डिझेल टायर त्याचे, आणि आरसी काढून बघतो तर नाव दुसऱ्याचं. तेव्हा ते फॉर्म परत मागा, देत नसतील तर मी गाडी विकलेली नाही, कोऱ्या सह्या घेतल्यात, असं पत्र आरटीओला आणि बँकेला द्या आणि पोच घ्या. पोच महत्त्वाची.

आता मॅनेजरचं म्हणणं. ई-वे बिलाच्या पार्ट बी मध्ये गाडीचा नंबर भरतात, गाडी कोणाच्या मालकीची हे तिथं कोणी विचारत नाही. कंपनी स्वतःच्या नावाने बिल्टी (माल घेतल्याची पावती) फाडते तर तिच्याकडे कॅरेज बाय रोड कायदा २००७ खालचं कॉमन कॅरिअरचं, म्हणजे भाड्याने लोकांचा माल नेणाऱ्याचं, रजिस्ट्रेशन पाहिजे, ते तुम्हीच त्यांच्याकडे मागा, बघा चेहरा कसा होतो. आणि प्लेटचं तर काहीच्या काही, नंबर गाडीच्या रजिस्ट्रेशनचा असतो, कंपनीचा नसतो, एमएच ५० ची, म्हणजे कराडची, गाडी चाकणला लावली म्हणून नंबर बदलत नाही. केबिनवर कंपनीचं नाव रंगवायचं तर खुशाल रंगवा.

परमिटही आपसात ठरवून दुसऱ्याला देता येत नाही, कलम ८२ प्रमाणे आरटीओची परवानगी लागते.

तुमच्या मनात येईल की आरसी त्यांच्या नावावर गेली तर अपघाताची जबाबदारीपण त्यांच्यावर जाईल, बरंच आहे की. अर्धं खरं आहे. २०१८ च्या नवीन कुमार केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की आरसीवर ज्याचं नाव तोच मालक धरायचा. पण अशा अॅग्रीमेंटमध्ये शेवटच्या पानावर बहुतेक वेळा एक कलम असतं, काहीही भरपाई द्यावी लागली तर गाडीवाला कंपनीला भरून देईल. म्हणजे गाडी त्यांची, भुर्दंड तुमचा.

सगळं स्वतःच्याच नावावर ठेवलं तर मात्र परमिटची काळजी तुमचीच. परमिट पाच वर्षांचं असलं तरी नॅशनल परमिटचं ऑथोरायझेशन (बाहेरच्या राज्यांत गाडी चालवायची मंजुरी) एका वेळी एकच वर्षाचं मिळतं, इथंच लोक फसतात, कंपनी म्हणते आम्ही भरतो आणि कोणीच भरत नाही. विनापरमिट सापडलात तर दहा हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. त्याहून वाईट म्हणजे अपघात. अमृत पॉल सिंग केसमध्ये (तीपण २०१८ चीच) ट्रकला परमिट नव्हतं, कोर्टाने इन्शुरन्स कंपनीला सांगितलं पैसे आधी द्या आणि मग मालकाकडून वसूल करा. मालकाकडून, ट्रान्सपोर्ट कंपनीकडून नाही.

अॅग्रीमेंट करायचंच, पण त्यात "लीज" हा शब्द दिसला तर थांबा, कारण लीजवर दिलेली गाडी ज्याच्या ताब्यात त्यालाच कायदा मालक म्हणतो. गाडी माझी, ड्रायव्हर माझा, ताबा माझ्याकडे, कंपनी फक्त माल आणि भाडं देणार, असं सरळ मराठीत लिहून घ्या. ओव्हरलोड कंपनीच्या सांगण्यावरून झाला तर दंड कंपनीचा, हे वाक्य न विसरता टाका, कारण सुरुवातच वीस हजारापासून आहे आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार. आणि हो, तुमच्याकडे दहा किंवा कमी गाड्या आहेत, पॅन जोडून तसं डिक्लरेशन दिलं की भाड्यातून टीडीएस कापायचा नसतो, ते पत्र पहिल्या बिलाबरोबरच द्या.

सही करायच्या आधी अॅग्रीमेंटची कॉपी घरी आणा, चार दिवस ठेवा. द्यायला नाही म्हणाले तर चाकणला दुसरे ट्रान्सपोर्टवाले आहेत.