तिसरीत आहे, पण ‘शब्दा’च्या गटात

शाळेत वाचनाची चाचणी झाली की माझ्याकडे येणाऱ्या पालकांचा प्रश्न साधारण एकच असतो. “मॅडम, पोरगं तिसरीत आहे आणि शाळेनं त्याला शब्दाच्या गटात बसवलंय. दुसरीतली पोरं आहेत त्यात. डिस्लेक्सिया तर नसेल?”

डिस्लेक्सिया म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचायला शिकणं जड जाणं. नुसतं हो-नाही करण्यापेक्षा एक केस सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

आई तालुक्याच्या गावात शिवणकाम करते, वडील टेम्पो चालवतात, मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत. आई आली ती तणतणतच. पालकसभेत गटांची यादी सगळ्यांसमोर वाचून दाखवली होती आणि शेजारणीचा मुलगा नेमका ‘गोष्ट’ गटात निघाला होता. “घरी घडाघडा वाचतो हो. धडाच्या धडा वाचतो.” तिनं पिशवीतून पुस्तक काढून त्याच्यापुढे ठेवलं. आणि खरंच, कुठेही न अडखळता वाचला त्यानं. फक्त बोट तिसऱ्या ओळीवर रेंगाळत होतं आणि तोंड पाचव्या ओळीत पोचलं होतं.

मग मी त्यानं कधी न पाहिलेलं चित्रांचं पुस्तक दिलं. घर, मगर, बदक नीट आले. ‘दिवस’चं ‘दवस’ झालं, ‘चिमणी’ची ‘चमणी’. दर वेळी तो अक्षराकडे न बघता माझ्या चेहऱ्याकडे बघायचा, बरोबर आहे का म्हणून. जोडाक्षर दिसलं की सरळ पुढच्या शब्दावर. आई गप्प झाली.

शाळेची चाचणीही हेच सांगत होती. शिक्षणात काम करणारी ‘प्रथम’ संस्था २००५ पासून मुलांना कितपत वाचता येतं हे बघणाऱ्या ‘असर’ पाहणीत जी पद्धत वापरते, तिच्याच धर्तीवर ती घेतलेली होती. मुलापुढे आधी पहिलीच्या पातळीचा परिच्छेद ठेवतात. तीनपेक्षा जास्त चुका न करता, वाक्य वाक्यासारखं म्हणत वाचला, तर दुसरीच्या पातळीची गोष्ट देतात. परिच्छेद जमला नाही तर सुटे शब्द, पाचातले चार यायला हवेत. तेही नाही जमले तर अक्षरं. यात टक्के नाहीत, नंबर नाही. ‘शब्द स्तर’ म्हणजे शब्द येतात, परिच्छेद अजून येत नाही, उद्यापासून शिकवायला इथून सुरुवात करा. बस एवढंच. शाळेचं निदान चुकलं नव्हतं. चारचौघांत सांगणं चुकलं होतं.

आणि दुसरीतल्या मुलांसोबत बसवण्याचं म्हणाल, तर त्या तासापुरतं इयत्तेऐवजी स्तरानं बसवणं हाच तर ‘प्रथम’च्या शिकवण्याच्या पद्धतीचा गाभा आहे. ‘प्रथम’चा मागे पडलेल्या मुलांना वेगळं बसवून शिकवणारा ‘बालसखी’ कार्यक्रम मुंबई आणि वडोदऱ्याच्या शाळांत चालायचा. त्याचा अभ्यास करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो होते, २०१९ चे नोबेल विजेते. आईला मी हे सांगितलं. तिला नोबेलचं फारसं काही वाटलं नाही. ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतात तिसरीतल्या जेमतेम २७ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचता आली, हे ऐकल्यावर मात्र ती जरा सैलावली. आपलं पोरगं एकटं नाही म्हटल्यावर निम्मा राग उतरतो.

खरी अडचण पुढे निघाली. “रोज मोबाईल लावून वाचायला बसवते,” ती म्हणाली. मोबाईल म्हणजे स्टॉपवॉच. कुणीतरी ग्रुपवर टाकलं होतं की तिसरीच्या मुलानं मिनिटाला साठ शब्द वाचलेच पाहिजेत. आकडा खोटा नाही. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ मोहिमेचं तिसरीअखेरचं उद्दिष्ट मिनिटाला किमान ६० शब्द, तेही अर्थ समजून, असंच आहे. ग्रुपवर फिरताना ‘अर्थ समजून’ तेवढं गळालं. घड्याळ लागलं की हा मात्रा, वेलांट्या गाळून पळत सुटायचा. आठवत असेल तो शब्द ठोकून द्यायचा. माझ्या मते हे घड्याळ घरात येताच कामा नये.

मग मागचं विचारलं. पहिलीपर्यंत तो गावातल्या एका इंग्रजी शाळेत होता. फी परवडेना म्हणून दुसरीत इकडे आणला. बाराखडी कुणी बसवून घेतलीच नव्हती. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहायची आणि उच्चार नंतर करायचा, हे मोठ्यांना अंगवळणी पडलेलं असतं, मुलाला कुणीतरी दाखवावं लागतं. नीट शिकवलंच नसेल तर डिस्लेक्सियाचा शिक्का मारायचा कशाच्या जोरावर? तपासणीही साधारण आठव्या वर्षानंतरच अर्थपूर्ण ठरते. आधी डोळे तपासून घ्यायला सांगितले. ते ठीक निघाले. काही महिने नेमानं शिकवूनही फरक पडला नाही तर तपासणी करू, मराठीतून घेता येणाऱ्या चाचण्या आहेत, असं ठरलं.

घरी घड्याळ बंद. रोज पंधरा मिनिटं, न वाचलेलं काहीतरी. एक ओळ आईनं, एक त्यानं, आणि शेवटी “मग काय झालं रे?” एवढाच प्रश्न. शाळेत आईनं गटाबद्दल भांडायचं नाही, पुढची चाचणी कधी आणि गट कधी बदलतो ते विचारायचं. ज्या शाळेला याचं उत्तर देता येत नाही, तिथे जरूर भांडा. गट पडले आणि वर्षभर तेच राहिले, तर मुलं तिथेच मुरतात.

त्याच्या सरांना मी फोन केला. वाचनाचा तास रोज होत होता, गट महिन्याला बदलत होते. यादीचा विषय काढल्यावर म्हणाले, “केंद्रप्रमुखांना दाखवावी लागते हो.” म्हटलं, त्यांना दाखवा की सर. पालकसभेत कशाला?

दिवाळीनंतर मुलगा परिच्छेदाच्या गटात गेला. ‘चिमणी’ आता चिमणीच आहे. जोडाक्षरांना अजून थबकतो, पण उडी मारत नाही, फोडून बघतो. डिस्लेक्सियाच्या तपासणीची सध्या तरी गरज दिसत नाही. वडिलांचा परवा फोन आला होता: “वाचायला लागलाय, तर चौथीला परत इंग्लिश मीडियमला टाकू का?” त्यांना म्हटलं, येताना दोघंही या, आणि मुलालाही आणा.