पोकरमध्ये पोराचं डोकं चालतं, पण त्यावर संसार उभा राहील का?

(कसबा बावड्यातल्या एका आईचं पत्र, थोडक्यात: "मुलगा वीस वर्षांचा आहे, बी.एस्सी. संख्याशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला. मोबाइलवर पोकर (पैसे लावून खेळायचा पत्त्यांचा खेळ) खेळून त्याने बरे पैसे मिळवले. ॲप बंद झालं, पण खेळ थांबलेला नाही. परवा त्याचं पासबुक भरून आणलं, तर जमा रकमांपुढे सगळी अनोळखी नावं. विचारलं तर म्हणतो, 'कोर्टानंच हा कौशल्याचा खेळ म्हटलंय. मी कॉलेज सोडून हेच करणार, नाहीतर गोव्याला जातो.' त्याचे बाबा म्हणतात, दोन मुस्काटात दिल्या की उतरेल. मी काय करू?")

ताई, नमस्कार.

आधी पासबुकाचं बोलते. बाकी सगळं आठवड्याभराने झालं तरी चालेल, हे नाही. मोठी ॲप बंद झाल्यावर हा खेळ खासगी क्लबांमध्ये शिरला आहे. मोबाइलवर नुसत्या चिप्स दिसतात. पैशाचा हिशेब बाहेर, टेलिग्राम नाहीतर व्हॉट्सॲपवरचा एजंट करतो. जिंकलेली रक्कम बऱ्याचदा भाड्याने घेतलेल्या खात्यांतून येते, म्हणून दर वेळी नाव वेगळं. अशा खात्यात कुणाच्या फसवणुकीचे पैसे आलेले असतील आणि त्या माणसाने 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, तर तो पैसा पुढे जिथे जिथे गेला ती खाती अडकू शकतात. तुमच्या मुलाने कुणाला फसवलेलं नसलं तरी त्याची फी आणि स्कॉलरशिप त्याच खात्यात अडकेल, आणि खुलासा द्यायचा तो परराज्यातल्या पोलीस ठाण्याला. तेव्हा आजपासून एजंटकडचा एक रुपयाही खात्यात येऊ देऊ नका. क्लबमध्ये शिल्लक असेल तर तिच्यावर पाणी सोडायचं. बँकेचं स्टेटमेंट काढून ठेवा, चॅट पुसू देऊ नका. खातं आधीच अडकलं असेल तर थेट वकिलाकडे जा.

आता कोर्टाचं. मुलगा खोटं बोलत नाही, पण त्याची माहिती जुनी आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1968 मध्ये रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटलं. पोकरबद्दल मात्र न्यायालयांचं कधीच एकमत नव्हतं. 2013 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाचा कल खेळणाऱ्यांच्या बाजूने होता, तर 2017 मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने पोकरला जुगारातच धरलं. या वादावरच ही ॲप उभी होती. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, 22 तारखेला राष्ट्रपतींची सही झाली आणि या वादाचा आधारच गेला. पैसे लावून, पैसे मिळतील या आशेने खेळायचा कोणताही ऑनलाइन खेळ या कायद्यात बंद आहे, मग तो कौशल्याचा असो, नशिबाचा असो की दोन्हींचा. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. जाहिरात करणाऱ्याला वेगळी शिक्षा, पैशाचे व्यवहार पुरवणाऱ्यालाही शिक्षा. नुसत्या खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही, तेवढी धास्ती मनातून काढा. पण उद्या एजंट म्हणाला, 'चार मित्र आण, कमिशन देतो,' आणि हा कबूल झाला, तर तो नुसता खेळणारा राहत नाही. ही गोष्ट त्याला स्पष्ट शब्दांत सांगा. परदेशी साइटही भारतातल्या माणसाला खेळवत असेल तर याच कायद्यात येते, त्यामुळे व्हीपीएन लावून (म्हणजे आपण कुठून खेळतो ते लपवून) किंवा क्रिप्टोत पैसे भरून ती कायदेशीर होत नाही.

कायद्याला आव्हान दिलेलं आहे. जुगार हा राज्यांच्या सूचीतला विषय, मग केंद्राने कायदा कसा केला, हा त्यातला एक मोठा मुद्दा. वेगवेगळ्या उच्च न्यायालयांतल्या याचिका सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःकडे घेतल्या. समजा निकाल कंपन्यांच्या बाजूने लागला, तरी कराचा बोजा आहेच. ऑनलाइन खेळातल्या निव्वळ कमाईवर सरसकट 30 टक्के प्राप्तिकर, त्याला किमान उत्पन्नाची सूटही नाही. पैसे लावायच्या खेळांवरचा जीएसटी सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के झाला आहे, आणि त्यात कॅसिनोही आले.

गोव्याचा मार्ग त्याला सोपा वाटतो, कारण कोल्हापूरहून सकाळी निघालं की दुपारी पणजी. तिथले कॅसिनो गोव्याच्या स्वतःच्या कायद्याने चालतात, हे खरं. पण 21 वर्षं पूर्ण झाल्याशिवाय आत घेत नाहीत, आणि तुमचा मुलगा वीसचा आहे. शिवाय मुक्काम, जेवण, प्रवास हा खर्च जिंको-हरो रोजचाच.

माझं स्वतःचं मत विचाराल, तर पोकरला डोकं लागतं हे मला पटतं. खासबागेत एक पैलवान दुसऱ्याला चितपट करतो तेव्हा त्याचं इनाम हरलेल्याच्या खिशातून निघत नाही. पोकरमध्ये ते तिथूनच निघतं, आणि मधल्या मध्ये टेबल चालवणारा प्रत्येक डावातून आपला वाटा कापून घेतो. म्हणजे तुमच्या मुलाचं घर चालायला रोज कुणीतरी त्याच्याहून कच्चं टेबलावर यावं लागेल, आणि ते कच्चं पोर बहुधा त्याच्याच वयाचं असेल. यावर आयुष्य उभं करावं, असं मी कोणत्याही विद्यार्थ्याला सांगणार नाही.

तरी त्याला जुगारी म्हणू नका. तो काय करतो ते एकदा त्याच्याकडूनच समजून घ्या. समजा त्याच्या हातात दोन बदाम आहेत, टेबलावरच्या चार पानांत आणखी दोन, आणि एकच पान उघडायचं राहिलंय. तेही बदामाचं निघालं तर पाच बदाम जुळतात आणि डाव बहुधा त्याचा. त्याने न पाहिलेली पानं 46, त्यात बदामाची 9, म्हणजे शक्यता साधारण 19.6 टक्के. मध्ये 600 रुपये आहेत, समोरच्याने 200 लावले. याला 200 भरून 800 मिळवायचे आहेत, त्यासाठी किमान 20 टक्के शक्यता हवी. एवढ्याच आकड्यांवर बघितलं तर पानं टाकलेली बरी. हे गणित तो काही सेकंदांत करत असेल, तर त्याची विद्या अस्सल आहे.

तीच विद्या त्याने स्वतःवर चालवावी. आजवरच्या सगळ्या डावांची नोंद मांडावी, त्यातून टेबलाचा वाटा आणि कर वजा करावा, मग सरासरी, प्रमाण विचलन (कमाई सरासरीच्या किती वर-खाली होते ते) आणि विश्वासांतर (खरी सरासरी ज्या दोन आकड्यांच्या मध्ये असावी असा अंदाज, तो पट्टा) काढावं. त्या अंतरात शून्य येत असेल, तर आपण जिंकणारे खेळाडू आहोत असं त्याला संख्याशास्त्राच्याच नियमाने म्हणता येणार नाही. हे तुम्ही तपासू नका, त्याच्या सरांना दाखवायला सांगा.

पुढचं म्हणाल, तर अनिश्चिततेची किंमत ठरवणारी माणसं विमा कंपन्यांना लागतात, त्यांना ॲक्च्युअरी म्हणतात. त्याची प्रवेश परीक्षा बारावीनंतर देता येते, म्हणजे तो आजही पात्र आहे. पुढचे पेपर कठीण आहेत, काही वर्षं जातात, पण नोकरी करत देता येतात. शिवाजी विद्यापीठात संख्याशास्त्राचं एम.एस्सी. आहे, घरचं जेवण सोडावं लागणार नाही. यूपीएससीची भारतीय सांख्यिकी सेवा आहे, रिझर्व्ह बँकही संख्याशास्त्राचे अधिकारी वेगळे घेते. मी त्याच्या जागी असते तर आधी ॲक्च्युअरीचा पहिला टप्पा पार करून बघितला असता, कारण दम आहे की नाही ते वर्षाच्या आत कळतं. यातल्या बहुतेक वाटांना पदवी लागतेच, त्यामुळे कॉलेज सोडायचा विषय बंद.

त्याच्या बाबांना सांगा, वीस वर्षांच्या मुलावर हात टाकला तर तो खेळ सोडणार नाही, घरात सांगणं तेवढं सोडेल. तो रात्रभर जागत असेल, उसने घेत असेल, हरलेले भरून काढायला पुन्हा बसत असेल, तर मात्र करिअरचं बोलणं बाजूला ठेवा आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर फोन करा. मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

आणि ॲप सुरू असतानाच्या कमाईचं विवरणपत्र भरलंय का ते विचारा. ॲपने कापलेला टीडीएस त्याच्या पॅनवर 26एएस या कराच्या उताऱ्यात दिसतो, म्हणजे प्राप्तिकर खात्याला ती कमाई आधीच माहीत आहे. तो उतारा आणि बँकेचं स्टेटमेंट घेऊन दोघं मिळून या आठवड्यात सीएकडे जाऊन या.