न जमणारी घोडी विकावी की ठेवावी?

ताई, तुम्ही लिहिलंय की अकलूजच्या बाजारातून साडेचार वर्षांची मारवाडी घोडी आणली, तिनं तीनदा पाडलं, आता खोगीर हातात घेतलं तरी पोटात गोळा येतो आणि विकायचं म्हटलं की दगा दिल्यासारखं वाटतं. माझं मत आधी सांगतो: आणखी दीड महिना द्या, तरीही भीती तशीच राहिली तर विका.

मोहोळजवळ आमच्या वस्तीवर असाच एक घोडा होता. पंचकल्याणी, म्हणजे चारही पाय आणि तोंड पांढरं, आणि मानेवर देवमण, म्हणजे शुभ मानला जाणारा केसांचा भोवरा. वडिलांनी तेवढंच बघून घेतला, स्वभाव कुणी पाहिला नाही. मला तो दोन वर्षं जमला नाही आणि मी कुणाला बोललो नाही, कारण दावणीचा घोडा विकला की घर बसलं असं गाव म्हणतं. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळायला गेलं की तो कान मागं पाडून पोट फुगवून धरायचा. मी श्वास रोखून वर बसायचो, लगाम गच्च धरायचो. लगाम ताणला की तो पुढचे पाय उचलून जागच्या जागी उसळायचा. मला वाटायचं, माजलाय. शेवटी एका म्हाताऱ्या नालबंदानं सांगितलं, अरे, हा हलगीवर नाचवलेला आहे, लगाम ताणला म्हणजे नाचायचं एवढंच त्याला ठाऊक. मी घाबरून ओढत होतो आणि तो बिचारा शिकवलेलं काम करत होता.

म्हणून तुमची घोडी वरातीत नाचवलेली आहे का, हे ज्याच्याकडून घेतली त्याला खोदून विचारा. लगाम काटेरी असेल तर आजच काढा. जनावरांवरची क्रूरता रोखण्याच्या १९६५ च्या नियमांनी त्यावर बंदी आहे, तरी तो वापरणारे आहेत. जनावरांच्या डॉक्टरांकडून दाढा बघून घ्या. घोड्याच्या दाढा झिजत जातात तशा वर येत राहतात, कडा धारदार होऊन गाल सोलतात, मग लगाम तोंडात गेला की जनावर मान झटकतं. पाठीवरून हात दाबत न्या, खोगिराच्या जागी ती अंग चोरत असेल तर दुखतंय समजा. आणि चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक! भरपूर हरभरा खाऊन दिवसभर बांधून राहिलेली घोडी तासभर सोडली की उधळणारच. हरभरा कमी करा, कडबा आणि गवत वाढवा, आपलं सोलापूरचं ऊन चढायच्या आत तिला रोज हातानं धरून फिरवा.

एवढं करून दुखणं, चंदी, लगाम काहीच कारण निघालं नाही, तर मग प्रश्न जोडीचा आहे. पळून जाणं हाच घोड्याचा बचाव. पाठीवरच्या माणसाच्या मांड्या आवळल्या, श्वास अडला की घोडीला वाटतं, जवळ काहीतरी आहे. साडेचार वर्षांच्या घोडीला शिकवणारा लागतो आणि तुम्ही स्वतः अजून शिकताय. यात दोघींचाही दोष नाही. घोडं पंचवीस वर्षंसुद्धा जगतं. तुम्हाला वाईट वाटतंय म्हणून तिनं पुढची वीस वर्षं दावणीला काढायची का?

विकताना परत बाजारात मात्र नेऊ नका. तिथं रुमालाखाली बोटं दाबून किंमत ठरते, खोड कुणी सांगत नाही. गिऱ्हाईक घरी बोलवा. तंग त्यालाच आवळू द्या, तीन-चार दिवस येऊन रपेट करू द्या, आणि तीनदा पाडलंय हे पहिल्याच बोलण्यात सांगून टाका. किंमत पडेल, पडू द्या. वरातीच्या धंद्याला देऊ नका, पुन्हा तोच लगाम तिच्या तोंडात जाईल.

आमचा घोडा सांगोल्याकडच्या एका शेतकऱ्याला दिला. तो दोन वेळा आला आणि नुसता दावणीजवळ बसून गेला. तिसऱ्या खेपेला वर बसला, लगाम पार सैल. घोडा मान खाली घालून बांधापर्यंत गेला आणि तसाच निवांत परत आला. त्याची ती साधी चाल मी दोन वर्षांत कधी पाहिली नव्हती.